पंप उतरवण्याआधी पंप पुसा



सिंहस्थाच्या तारखा जाहीर झाल्यापासून नाशिक-त्र्यंबक पट्ट्यातल्या तरुणांचा एक प्रश्न सारखा येतोय. "सर, जुना डोझर मिळतोय. घेऊ का?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्र्यंबकेश्वरच्या ध्वजारोहणाची तारीख ३१ ऑक्टोबर २०२६ आणि पहिल्या अमृतस्नानाची २ ऑगस्ट २०२७. रस्ते रुंद करायचे, वाहनतळांच्या जागा सपाट करायच्या, मुरूम पसरायचा, म्हणजे मशीनला काम आहे. आणि सिंहस्थ उरकला तरी भातखाचरांचे बांध, शेततळी, डोंगरउतारावरचं सपाटीकरण ही कामं तालुक्यात राहणारच.

घ्यावा की नाही, हे भांडवल, हातातलं काम आणि ऑपरेटर या तिन्हींवर ठरतं. त्यावर वेगळा व्हिडिओ करू. आज एकाच गोष्टीवर बोलतो, कारण जुन्या डोझरचा धंदा इथे गळतो, अगदी शब्दशः गळतो. इंजेक्शन पंपाजवळची डिझेल गळती.

माझं मत सरळ आहे. गळतीची दुरुस्ती मेकॅनिकने करावी, पण गळतीचं निदान मालकाला आलंच पाहिजे. नेमकं कुठून गळतंय हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पंप उतरवायला होकार देऊ नका. काही जण म्हणतात, "आपण धंदा करायचा, हात कशाला काळे करायचे?" तुमची कार असती तर मी मान्य केलं असतं. डोझरच्या बाबतीत नाही.

का नाही, ते सांगतो. कार गॅरेजला जाते, डोझर जात नाही. चेनवर चालणारी मशीन डांबरी रस्त्यावरून नेता येत नाही, तिला लो-बेड ट्रेलर लागतो आणि त्याचं जाऊन-येऊन भाडं लागतं. म्हणून होतं काय, मेकॅनिक साइटवर येतो, ओला पंप बघतो, "पंप गेलाय" म्हणतो, पंप उतरवतो आणि पोत्यात घालून तीसेक किलोमीटरवर नाशिकला घेऊन जातो. पंप तिकडे, मशीन इकडे. ऑपरेटरचा पगार चालू, बँकेचा हप्ता चालू, ठेकेदाराचे फोन चालू. चार दिवसांनी पंप येतो, बसतो, मशीन चालू होतं, आणि तासाभरात तीच जागा परत ओली! कारण गळत होता वरचा पाइप. पंप फक्त त्याच्या खाली बसला होता.

यात मेकॅनिक लबाड असतो असं मी म्हणत नाही. त्याला दिवसात चार ठिकाणी जायचं असतं. पंप उतरवणं हे त्याच्यासाठी एक तासाचं, खात्रीचं काम आहे. गळती शोधत बसणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. तुमच्याकडे मात्र अर्धा दिवस आहे, कारण मशीन तुमचं आहे.

आणखी एक. पंप उतरवणं हे निरुपद्रवी काम नाही. पंप इंजिनशी टायमिंगने जोडलेला असतो. खुणा न करता उतरवला आणि बसवताना इकडचा तिकडे झाला की इंजिन धूर ओकतं, ठोकतं, सकाळी चालू व्हायला रडवतं. म्हणजे एक दोष काढायला गेलात आणि दुसरा विकत घेतलात.

हा पंप इतका नाजूक का?

नाशिकहून त्र्यंबकला येताना सातपूरला त्र्यंबक रोडवर बॉशचा कारखाना लागतो. जुनी माणसं अजून त्याला मायकोच म्हणतात, शहरात मायको सर्कलही आहे. मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, १९५१ मध्ये सुरू झाली आणि २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. नाशिकच्या या कारखान्यात डिझेल इंजिनाचे नोजल आणि इंजेक्टर बनतात. बॉशने जर्मनीत डिझेलचा इंजेक्शन पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली १९२७ मध्ये. तुमच्या जुन्या डोझरवर एका रांगेत पाइप निघालेला लांबट पंप असेल तर तो त्याच घराण्यातला समजा.

या पंपाच्या आत प्रत्येक सिलिंडरसाठी एक प्लंजर आणि एक बॅरल असते. गॅरेजमध्ये या जोडीला एलिमेंट म्हणतात. दोघांमधली फट असते साधारण २ ते ३ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, यावरून अंदाज घ्या. तिथे रबर नाही, पॅकिंग नाही, फक्त घासून जुळवलेलं स्टील. म्हणून एका जोडीचा प्लंजर दुसऱ्या बॅरलमध्ये घालत नाहीत. आणि म्हणूनच मुरुमाच्या धुळीत, साइटवर गोणपाट अंथरून कोणी पंप "खोलून बघतो" म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. पंपाच्या बाहेरचं सगळं साइटवर तपासता येतं. आतलं काम फक्त टेस्ट बेंच असलेल्या दुकानात.

पुसायचं म्हणजे नेमकं काय करायचं

पंप इंजिनावर खालच्या बाजूला बसतो. नोजलचे रिटर्न पाइप वर, फिल्टर बहुतेक वेळा वर, हाय-प्रेशरचे पाइप वर. वर कुठेही थेंब सुटला की तो ओघळून पंपावर येतो. त्यात डोझर हादरे खातो, उतारावर तिरका उभा राहतो, पंख्याचा वारा डिझेल मागे उडवतो. त्यामुळे जिथे ओलं दिसतं ती जागा आणि जिथून गळतं ती जागा एकच असते, हे डोक्यातून काढून टाका. शोधायची असते सर्वात वरची ओली जागा.

इंजिन थंड असताना सुरुवात करा. गरम, चालू इंजिनाच्या पंपावर गार पाण्याचा फवारा कधीच मारू नका. बाहेरची बॉडी आकसते, आतला प्लंजर गरमच असतो, आणि २-३ मायक्रॉनच्या फटीत जाम व्हायला तेवढं पुरतं. थंड पंप ब्रशने डिझेल लावून धुवा, चिंधीने पुसा, कॉम्प्रेसर असेल तर हवा मारून कोरडा करा. मग सगळीकडे टाल्कम पावडर किंवा खडूची पूड भुरभुरा. डिझेलचा थेंब सुटला की पांढऱ्यावर काळपट ओघळ लगेच दिसतो.

आता घाई न करता टप्प्याटप्प्याने बघायचं. आधी इंजिन बंद ठेवून फक्त हँड प्रायमर मारा, तीस-चाळीस वेळा. यामुळे फीड पंपापासून फिल्टर आणि पंपाच्या गॅलरीपर्यंत हलका दाब येतो. आत्ताच ओघळ दिसला तर दोष लो-प्रेशर बाजूला आहे. बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर, फिल्टरचं पॅकिंग, एअर काढायचा स्क्रू किंवा फीड पंप. यातलं काहीही पंप उतरवण्याचं कारण नाही. तांब्याचं वॉशर एकदा दबलं की कडक होतं, परत तेच लावलं तर परत गळतं. नवीन लावा. अगदीच नसेल तर जुनं लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, मऊ होतं आणि वेळ निभावते.

काही दिसलं नाही तर इंजिन चालू करून आयडलला ठेवा, पाच मिनिटं बघा. मग ॲक्सिलरेटर वर नेऊन बघा. आता ओघळ आला तर तो हाय-प्रेशर बाजूचा. पाइपचा नट, डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होल्डर, किंवा पाइपलाच केसाएवढी चीर. पाइपची चीर बहुतेक वेळा नटाच्या अगदी जवळ असते आणि तिचं कारण असतं क्लॅम्प. जुन्या मशीनवर पाइपांचे क्लॅम्प कधीतरी निघालेले असतात आणि परत कोणी लावलेले नसतात. पाइप हादरून हादरून चिरतो. त्याला वेल्डिंग, ब्रेझिंग काही करायचं नाही. पाइप बदलायचा आणि क्लॅम्प लावायचा.

इथे थांबून एक गोष्ट नीट ऐका. इंजिन चालू असताना हाय-प्रेशर पाइपवर बोट फिरवून गळती शोधू नका. कारच्या टायरमध्ये साधारण २ बार हवा असते. हे नोजल २०० बारच्या आसपास उघडतात. केसाएवढ्या चिरेतून निघणारी डिझेलची धार कातडीतून आरपार आत जाते. सुरुवातीला सुई टोचल्याएवढीच खूण दिसते, दुखतही नाही. काही तासांत बोट सुजतं, काळं पडतं आणि उशीर झाला तर कापावं लागू शकतं. असं झालं तर हळद लावून बसू नका. तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना "डिझेल दाबाने आत गेलंय" हे शब्द सांगा. शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरा. धार पुठ्ठ्यावर उमटते. डोळ्यांवर चष्मा ठेवा.

आता डिलिव्हरी व्हॉल्व्ह होल्डर. पंपाच्या डोक्यावर, पाइपच्या नटाखाली, जो जाड षटकोनी भाग असतो तो. जुन्या पंपांत खरोखर पंपाची म्हणता येईल अशी गळती बहुतेक इथेच सापडते, आणि गंमत म्हणजे ती बरेचदा आपणच केलेली असते. पाइपचा नट सोडताना एकच पाना लावला की नटाबरोबर होल्डरही फिरतो. म्हणून नेहमी दोन पाने. एकाने होल्डर धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. हेल्परला दुसरं काही शिकवलं नाही तरी चालेल, हे शिकवा.

होल्डर गळतोय म्हणून पाइपला पाना लांबवून करकचून आवळणं हा आपल्याकडचा आवडता उपाय. करू नका. जास्त आवळला की खालची बॅरल दबते, आतला प्लंजर अडकतो, रॅक जाम होतो. रॅक डिझेलच्या बाजूला अडकला तर ॲक्सिलरेटर सोडूनही इंजिन वाढतच जातं. कंट्रोल सुटलेलं इंजिन बघितलेला माणूस परत तसं आवळत नाही. होल्डरखालचा वॉशर आणि ओ-रिंग बदलायची, आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच आवळायचं. ते मॅन्युअल आणि टॉर्क रेंच दुकानात असतात, त्यामुळे हे काम दुकानाचंच. पण दुकानदाराला "पंप बघा" सांगणं वेगळं आणि "तीन नंबरचा होल्डर गळतोय" सांगणं वेगळं. बिलात फरक पडतो.

"इतकी वर्षं गळत नव्हता, आताच काय झालं?"

जुन्या मालकांचा हा प्रश्न असतो आणि त्याचं एक उत्तर डिझेलमध्येच आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं. त्यात गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम, बीएस-४ मध्ये ते ५० होतं आणि त्याआधी कितीतरी जास्त. गंधक काढायच्या प्रक्रियेत डिझेलमधले काही इतर घटकही कमी होतात, ज्यांच्यामुळे जुनी नायट्राइल रबरची सील्स फुगून घट्ट बसलेली असायची. नवीन डिझेलमध्ये ती आकसतात. अमेरिकेत १९९३ मध्ये डिझेलमधलं गंधक कमी केलं, तेव्हा तिथेही जुन्या पंपांच्या ओ-रिंगा गळायला लागल्या होत्या. म्हणजे तुमचा पंप शापित नाही. नवीन सील किट घ्या, आणि मिळत असेल तर व्हायटॉन रबरची घ्या. मुद्दा काय, हे किटचं काम आहे. एलिमेंट बदलायचं काम नाही. दोन्हींच्या किमतीत बराच फरक असतो आणि तो फरक विचारणाऱ्यालाच मिळतो.

स्वस्तात मिळतंय म्हणून रॉकेल मिसळलेलं डिझेल भरणाऱ्यांसाठीही एक वाक्य. प्लंजरला वंगण डिझेलच देतं, दुसरं काही नाही. रॉकेलमध्ये तो चिकटपणा नाही. तिथे वाचवलेला पैसा एलिमेंटच्या बिलात परत जातो.

दिसणारी गळती स्वस्त असते

हे वाक्य अनेकांना पटत नाही, म्हणून हिशेबच करू. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं १० मिलीचं झाकण थेंबाखाली धरा आणि घड्याळ लावा. समजा पाच मिनिटांत भरलं. तासाला १२० मिली, आठ तासांना ९६० मिली, म्हणजे जवळपास एक लिटर. डिझेल ९० रुपये धरलं तर दिवसाला नव्वदच्या आत आणि महिन्याचे पंचवीस दिवस काम झालं तर सव्वादोन हजारांच्या आत. पैसे वाया जातात हे खरं. पण यासाठी ऐन कामात मशीन चार दिवस थांबवणं धंद्याला परवडतं का? झाकण धरून मोजलं तर ठरवता येतं. नाहीतर घाबरून ठरवलं जातं.

मात्र दिसणारी गळती कुठे पडतेय ते बघा. डोझरच्या पोटाखाली गार्ड प्लेट असते. तिच्यात माती, पालापाचोळा, गवत साठतं आणि वरून डिझेल पडलं की ती वातच होते. जवळच एक्झॉस्ट तापलेला. थेंब एक्झॉस्टवर किंवा टर्बोवर पडत असेल तर हिशेब वगैरे काही नाही, मशीन त्याच क्षणी बंद. बाकी गळती असेल तर गार्ड उघडून साफ करून काम उरकता येतं, आणि रविवारी दुरुस्ती.

महाग असतात त्या न दिसणाऱ्या दोन गळत्या.

पहिली, हवा आत येणं. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप डिझेल खेचतो, तिथे दाब नसतो, ओढ असते. त्या पाइपला भोक पडलं की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत. लक्षणं अशी: सकाळी चालू व्हायला खूप सेल्फ मारावा लागतो, हँड प्रायमर मारल्याशिवाय उठत नाही, चढावर लोड घेतला की दम सोडतो. आणि यालाच सगळ्यात जास्त वेळा "पंप कमजोर झालाय" म्हणतात.

यावर माझी आवडती चाचणी आहे, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. पाच लिटरचा स्वच्छ कॅन पंपापेक्षा उंच जागी पक्का बांधा. नवीन पाइपचा तुकडा त्यात सोडून दुसरं टोक थेट फीड पंपाला जोडा, म्हणजे टाकी आणि तिचा पाइप दोन्ही बाजूला. एअर काढा आणि मशीन चालवा. त्रास गेला? मग पंप निर्दोष आहे, दोष टाकी ते फीड पंप या दरम्यान. पाइप, त्याचे जोड, जाळी किंवा पाण्याचा सेपरेटर. त्रास तसाच राहिला तरच पुढे पंपाकडे वळा. रिटर्न लाइनला पारदर्शक पाइपचा तुकडा लावला तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात, तेही करून बघा. आणि टाकीचं झाकण विसरू नका. त्याचं हवेचं भोक मातीने बुजलं की तासाभराने मशीन बंद पडतं, थोडं थांबलं की परत चालू होतं. झाकण उघडताना फुस्स आवाज आला तर ओळखा. एका टाचणीचं काम आहे!

दुसरी गळती सगळ्यात वाईट. डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरणं. काही पंपांना स्वतःचं ऑइल असतं, काहींना इंजिनातून ऑइल येतं. एलिमेंट झिजलं, बॅरलखालचं सील गेलं किंवा फीड पंपाचं सील गेलं की डिझेल खाली कॅमच्या घरात उतरतं, आणि इंजिनाच्या ऑइलवर चालणारा पंप असेल तर तिथून थेट चेंबरमध्ये. बाहेर एक थेंब दिसत नाही. उलट ऑपरेटर खूश असतो, "साहेब, आपलं मशीन ऑइल खातच नाही." जुनं इंजिन ऑइल खाणारच. ऑइलची पट्टी रोज तेवढीच दाखवत असेल किंवा लेव्हल वर चढत असेल तर आनंद मानू नका, घाबरा. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग धरून ठेवत नाही, आणि मग विषय पंपावरून क्रँकवर जातो. तिथे जुन्या डोझरचा मालक उठत नाही.

तपासायचं कसं? पट्टीवरचं ऑइल बोटांत चोळा, वास घ्या. एक थेंब टिपकागदावर टाका आणि तासभर ठेवा. मधल्या काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट कडं दूर पसरलं तर डिझेल आहे. मशीन गरम झाल्यावर ऑइल प्रेशरचा काटा पूर्वीपेक्षा खाली बसतोय का, ते ऑपरेटरला विचारा. पंपाच्या बाजूला झाकण असलेला जुना प्रकार असेल तर इंजिन बंद ठेवून झाकण काढा आणि हँड प्रायमर मारा. स्प्रिंगांवर डिझेल ओघळताना दिसलं तर आता मात्र पंप उतरवायला माझी हरकत नाही. नाही दिसलं तर नोजल तपासायला द्या, कारण ठिबकणारा नोजलही सिलिंडरमधून ऑइलमध्ये डिझेल उतरवतो. दोष कुणाचाही असो, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय मशीन कामाला लावायचं नाही.

तुमच्या मशीनवर कोणता पंप आहे?

वरचं बरंचसं रांगेतल्या पंपाबद्दल आहे. पण महाराष्ट्रात कमिन्सची इंजिनंही भरपूर, कंपनी पुण्यात १९६२ पासून आहे. जुन्या कमिन्स इंजिनांवर पीटी पंप असतो आणि त्याचं गणितच वेगळं. पंपातून सिलिंडरगणिक पाइप निघत नाहीत. पंप हेडला कमी दाबाने डिझेल देतो आणि मोठा दाब इंजेक्टरमध्येच, कॅमच्या ठोक्याने तयार होतो. तिथे हाय-प्रेशर पाइप शोधत बसलात तर सापडणार नाही. तिथे बघायचं ते तीन ठिकाणी. ओढीच्या बाजूची हवा, पंपाच्या शाफ्टचं सील, आणि हेडच्या आतल्या इंजेक्टरच्या ओ-रिंगा, ज्या गेल्या की डिझेल ऑइलमध्ये उतरतं. शाफ्टचं सील गेलं की पंपाच्या बॉडीच्या खालच्या छोट्या छिद्रातून थेंब येतो. ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं, तुम्हाला कळावं म्हणून. त्यात एम-सील भरणारे महाभाग आहेत. छिद्र बुजवलं की तेच डिझेल दुसरी वाट शोधतं, आणि ती वाट तुम्हाला दिसत नाही.

दुकानात पंप देताना, आणि मशीन विकत घेताना

इतकं सगळं करूनही पंप दुकानात द्यायची वेळ आली तर द्या. नाशिकला चांगली पंप-नोजलची दुकानं आहेत. देण्याआधी फ्लँजवर आणि कपलिंगवर छिन्नीने खुणा करून मोबाइलवर फोटो काढा. उघडी तोंडं टोप्यांनी बंद करा, चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत जातात. दुकानदाराला सापडलेला दोष लिहून द्या. परत घेताना तीन गोष्टी मागा: बदललेले जुने पार्ट, बेंचवरच्या कॅलिब्रेशनची चिठ्ठी, म्हणजे कोणत्या आरपीएमला प्रत्येक एलिमेंट किती डिझेल देतंय ते, आणि गव्हर्नरला मारलेलं सील. चांगला दुकानदार न मागता देतो. "चिठ्ठी कशाला, विश्वास नाही का?" म्हणणाऱ्याकडे पुढच्या वेळी जाऊ नका, एवढंच.

ऑपरेटरबद्दलही बोलायला हवं. रोज सकाळी मशीन चालू करण्याआधी ऑइलची पट्टी बघून वहीत आकडा लिहिणं, हे काम त्याचं. पण फुकट सांगाल तर चार दिवस होईल. महिना पूर्ण लिहिला तर वरचे काही शे रुपये द्या. मी तर म्हणेन डिझेलच्या ॲव्हरेजपेक्षा या वहीवर बक्षीस ठेवा, कारण ॲव्हरेजचा आकडा जुळवता येतो, पट्टी तुम्ही स्वतः कधीही बघू शकता.

आणि पावसाळा. त्र्यंबकचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जूनमध्ये मशीन उभं केलं की टाकी अर्धी ठेवू नका. रिकाम्या जागेतल्या हवेचं पाणी होतं, ते तळाला बसतं आणि दसऱ्याच्या सुमारास मशीन चालू केलं की पहिलं तेच पंपात जातं. २-३ मायक्रॉनच्या फटीत गंजाला जागा नसते. टाकी भरून ठेवा, झाकणावर प्लॅस्टिक बांधा, आणि चालू करण्याआधी टाकीखालचा ड्रेन उघडून पाणी काढा. काढलेलं डिझेल काचेच्या बाटलीत धरलं तर पाणी खाली वेगळं दिसतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे, "घेऊ का?" बघायला जाल तेव्हा सकाळी, इंजिन थंड असताना जा. विकणाऱ्याला आधीच सांगा, मशीन धुऊन ठेवू नका. बोनेटवर हात ठेवून बघा, तुम्ही येण्याआधीच गरम केलेलं असेल तर उद्या सकाळी परत या. नुकताच धुतलेला, चांदी रंग मारलेला पंप दिसला तर रंगाचे पैसे देऊ नका, रंगाखाली काय आहे ते विचारा. ऑइलच्या पट्टीचा फोटो काढा. खिशातून टाल्कमची डबी काढा, पंपावर भुरभुरा आणि दोन तास मशीन लोडवर चालवायला लावा. परत पट्टी बघा, पावडर बघा. विकणारा हसेल. हसू द्या. दोन वॉशर आणि एक ओ-रिंग गळत असेल तर तेवढीच किंमत कमी करून मागा आणि मशीन घ्या. ऑइलमध्ये डिझेल सापडलं तर पंप, नोजल आणि बेअरिंग तिन्हींचा खर्च वजा करून बोला, आणि तो त्या भावाला तयार नसेल तर उठा. त्र्यंबकला यायच्या रस्त्यावर अजून दोन-तीन मशीन उभी असतात.